जीनोमिक्स आणि प्रोटिओमिक्सच्या प्रकल्पासाठी सरकारी अनुदान : प्रस्तावापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

आमच्या विभागाने प्रोटिओमिक्सचा, म्हणजे प्रथिनांच्या समग्र अभ्यासाचा, पहिला प्रस्ताव पाठवला, तेव्हा अंदाजपत्रकातील जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम एका मास स्पेक्ट्रोमीटरसाठी, म्हणजे प्रथिने ओळखून मोजणाऱ्या यंत्रासाठी होती. तज्ज्ञ समितीचा शेरा दोनच ओळींचा आला. चौथ्या वर्षी या यंत्राच्या देखभालीचा करार कोण भरणार, आणि ते चालवणारा माणूस प्रकल्प संपल्यावर कोणाच्या पगारावर राहणार, एवढेच त्यांनी विचारले होते. आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण आम्ही यंत्र आधी ठरवले होते आणि त्याला शोभेल असा प्रश्न नंतर शोधला होता. दुसऱ्या खेपेला यंत्र पूर्णपणे वगळले, नमुने बाहेरच्या सुविधेत तपासून घेण्याचा खर्च धरला, अंदाजपत्रक निम्म्याहून खाली आले आणि प्रस्ताव मंजूर झाला.

राज्यातील विद्यापीठे, अनुदानित महाविद्यालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांतील ज्या अध्यापकांना आपला पहिला किंवा दुसरा प्रस्ताव लिहायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मोठ्या राष्ट्रीय संस्थांकडे प्रकल्प कक्ष असतो, मुरलेले लेखाधिकारी असतात. आपल्याकडे बहुधा आपणच असतो.

कोणत्या दारात जायचे

या क्षेत्रातील केंद्राचा मुख्य निधी जैवतंत्रज्ञान विभागाकडून, म्हणजे डीबीटीकडून येतो. १९८६ साली स्थापन झालेल्या या विभागाच्याच पैशातून जीनोमइंडिया प्रकल्प उभा राहिला. त्यात २० संस्थांनी मिळून १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी तो डेटा संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण खारघरच्या ॲक्ट्रेकचे, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेचे आहे. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी डीबीटीच्या निधीवर गाल व हिरडीच्या कर्करोगाचा जो अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५० रुग्णांचे एक्झोम (जीनोममधील प्रथिने घडवणारा भाग) वाचले गेले आणि सापडलेले बदल आणखी ६० रुग्णांत पडताळून पाहिले गेले. नव्या अर्जदाराने ही रचना आधी नजरेखालून घालावी असे मी नेहमी सुचवतो, कारण रुग्णालय एका टोकाला, सिक्वेन्सिंगचे (जनुकीय क्रम वाचण्याचे) कौशल्य दुसऱ्या टोकाला आणि पडताळणीचा वेगळा गट, ही मांडणी लहान प्रमाणावरही जशीच्या तशी लागू पडते.

दुसरे दार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे, म्हणजे एएनआरएफचे आहे. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ २०२३ च्या नव्या कायद्यानुसार या प्रतिष्ठानात विलीन झाले, त्यामुळे ज्येष्ठ सहकारी ज्या योजनांची नावे सांगतात त्यांतील काही आता उरलेल्या नाहीत. कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या संशोधकांसाठी येथे पंतप्रधान अर्ली करिअर संशोधन अनुदान आहे. ते तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत मिळते आणि त्याची सर्वसाधारण वयोमर्यादा ४२ वर्षे आहे. अनुसूचित जाती व जमातींतील संशोधकांसाठी समावेशक संशोधन अनुदानाची स्वतंत्र योजना आहे. ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते याचे मला वाईट वाटते.

तिसरे दार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे. तिन्हींपैकी निवड कशी करावी, यासाठी माझी एक ढोबळ कसोटी आहे. आपल्या प्रस्तावाचे पहिले वाक्य एखाद्या आजाराबद्दल किंवा रुग्णाबद्दल असेल तर आयसीएमआर, एखाद्या तंत्राबद्दल, पिकाबद्दल किंवा लोकसमूहाच्या जनुकीय वैविध्याबद्दल असेल तर डीबीटी, आणि पेशीत काय घडते एवढाच मूलभूत प्रश्न असेल तर एएनआरएफ. सरहद्दी धूसर आहेत हे खरे, पण तोच प्रस्ताव एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवण्याची मुभा नसते, आणि इतरत्र प्रलंबित असलेल्या अर्जांची माहिती अर्जातच द्यावी लागते.

संशोधनातून एखादी तपासणी किंवा संच बाजारात आणायचा विचार असेल तर बायरॅक या डीबीटीच्या उद्योग-साहाय्य संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट पाहावे. त्यात १८ महिन्यांपर्यंतच्या कामासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मिळतात, आणि पुण्यात पाषाणचे व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना आधार देणारे केंद्र या योजनेचे भागीदार आहे. परदेशातून परतू इच्छिणाऱ्या मराठी संशोधकांनी डीबीटीच्या रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिपची जाहिरात शोधावी. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. प्रमुख संशोधक होण्यासाठी बहुतेक योजनांत नियमित नेमणूक लागते आणि प्रकल्पाच्या कालावधीइतकी सेवा शिल्लक असावी लागते. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारा आणि प्रयोगशाळेत आपल्यापेक्षा सरस असलेला सहकारी त्यामुळे कागदावर कुठेच दिसत नाही. त्याच्यासाठी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा मार्ग उरतो. तो त्याला वेळेत सांगणे हे विभागप्रमुखाचे काम आहे.

जाहिरात वाचताना योजनेचे चालू नाव तपासावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी डीबीटीच्या जुन्या योजना एकत्र करून ९,१९७ कोटी रुपयांच्या बायो-राइड योजनेला मंजुरी दिली, आणि तरीही त्यानंतर माझ्याकडे वाचायला आलेल्या दोन मसुद्यांत सहकाऱ्याच्या जुन्या मंजुरीपत्रावरून उतरवलेले योजनेचे नाव तसेच होते. परीक्षकाला अशी चूक पहिल्याच पानावर दिसते.

प्रश्न, नमुना आणि यंत्राचे तास

प्रस्तावाचा गाभा एका उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, कोल्हापूर परिसरात मिशरी लावणाऱ्या स्त्रियांच्या लाळेतील प्रथिनांचा अभ्यास करायचा आहे. ‘मिशरी वापरणाऱ्या स्त्रियांच्या लाळेचे प्रोटिओमिक विश्लेषण’ हे शीर्षक कामाचे वर्णन करते, प्रश्न विचारत नाही. प्रश्न असा हवा: मिशरी लावणाऱ्या ज्या स्त्रियांच्या तोंडात पांढरा चट्टा आहे, त्यांच्या लाळेतील कोणती प्रथिने मिशरी लावणाऱ्या पण चट्टा नसलेल्या स्त्रियांपेक्षा वेगळ्या प्रमाणात आढळतात? यातच तुलनेचे गट ठरून जातात. केवळ मिशरी न लावणाऱ्या निरोगी स्त्रियांशी तुलना केली, तर जे फरक दिसतील ते तंबाखूचे की चट्ट्याचे हे सांगताच येणार नाही. तिसरा गट जरूर ठेवावा, पण मुख्य तुलना पहिल्या दोन गटांत असावी.

त्यानंतर नमुना घेण्याची वेळ. लाळेच्या अभ्यासात सकाळी काही खाण्यापूर्वी नमुना घ्यावा असा परिपाठ आहे. मात्र मिशरी लावणारी बाई उठल्या उठल्या चुलीपाशी बसून आधी मिशरीच लावते आणि मग चहा पिते, दिवसातून आणखी दोन-तीनदाही लावते. म्हणून ‘उपाशीपोटी नमुना’ एवढे लिहून भागणार नाही. शेवटची मिशरी किती वाजता लावली, त्यानंतर चूळ भरली का, आणि मधे किती वेळ गेला, या नोंदींचा रकाना प्रपत्रात हवा. अशी एक ओळ प्रस्तावात असली की हा माणूस गावात जाऊन आलेला आहे हे परीक्षकाला कळते. तांत्रिक भागही तितकाच नेमका असावा. लाळेत अमायलेज आणि म्युसिन यांचे प्रमाण इतके जास्त असते की थोड्या प्रमाणातील प्रथिने त्यांच्याआड झाकली जातात. ती कशी वेगळी काढणार, नमुना बर्फावर किती वेळ राहणार, प्रथिने तोडणारी विकरे कशाने थांबवणार, हे लिहावे.

नमुन्यांची संख्या हा बहुतेक प्रस्तावांचा दुबळा भाग असतो. ‘प्रत्येक गटात ३० नमुने’ असे लिहिले जाते आणि ३० का, याचे उत्तर नसते. एका नमुन्यात १,००० प्रथिने मोजली आणि प्रत्येकासाठी पाच टक्क्यांची पातळी लावून चाचणी केली, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही सुमारे ५० प्रथिने निव्वळ योगायोगाने ‘वेगळी’ निघतील. हे टाळण्यासाठी अनेक चाचण्यांकरिता कोणती संख्याशास्त्रीय सुधारणा लावणार आणि ती लावल्यावर किती मोठा फरक पकडता येईल, हे संख्याशास्त्रज्ञाला प्रस्ताव पाठवण्यापूर्वी विचारावे. आपल्याच विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागातील कोणी सह-संशोधक म्हणून मिळाल्यास उत्तम. प्रस्ताव सादर करण्याच्या आदल्या रात्री फोन करून मात्र त्यांची सही मागू नये.

यंत्राचे तास मोजून दाखवावेत. वरच्या उदाहरणात मुख्य दोन गटांचे मिळून ६० नमुने, प्रत्येक नमुना दोनदा आणि प्रत्येक फेरीला धुण्यासकट दोन तास धरले, तर २४० तास होतात, म्हणजे यंत्र अखंड १० दिवस. दर काही नमुन्यांनंतर गुणवत्ता तपासण्यासाठी एकत्रित नमुना चालवायचा तर त्यात आणखी दोन-तीन दिवसांची भर पडते. इतक्या कामासाठी स्वतःचे यंत्र मागणे शोभत नाही. पवईच्या आयआयटीत डीबीटीच्या मदतीने उभारलेली मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा बाहेरच्या संशोधकांचे नमुने घेते, आणि देशभरातील सार्वजनिक निधीतून आलेली उपकरणे आय-स्टेम या पोर्टलवर शोधता येतात. सुविधेच्या प्रमुखांचे, अंदाजे तास आणि दर नमूद केलेले संमतीपत्र प्रस्तावाला जोडावे. सर्व गटांचे नमुने मिसळून, यादृच्छिक क्रमाने चालवण्याचे आश्वासनही लिहावे, नाहीतर पहिल्या दिवशी सर्व रुग्ण आणि आठव्या दिवशी सर्व निरोगी व्यक्ती तपासल्या जातात आणि दिसलेला फरक यंत्राच्या तापमानाचा ठरतो.

नवीन नमुना अजिबात न घेता प्रस्ताव लिहिता येतो, ही शक्यताही विसरू नये. जीनोमइंडियाचा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेला आहे आणि तो ठरावीक कार्यपद्धतीने अर्ज करून मागता येतो. संगणकीय काम येणारा एक विद्यार्थी आणि एक चांगला सर्व्हर एवढ्यावर उभा राहणारा प्रकल्प लहान महाविद्यालयाला अधिक झेपतो.

अंदाजपत्रक

परीक्षक विज्ञान वाचतो, पण विभागाचा अधिकारी आकडे वाचतो. मनुष्यबळाचा हिशेब प्रथम करावा, कारण त्यातील दर सरकारने ठरवून दिलेले आहेत. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ फेलोला ४२,००० रुपये मिळतात, त्यावर केंद्राच्या नियमाप्रमाणे घरभाडे. घरभाड्यासाठी मुंबई आणि पुणे ‘एक्स’ वर्गात, तर कोल्हापूर, नागपूर, नाशिक, सोलापूर ही शहरे ‘वाय’ वर्गात मोडतात, आणि सध्याचे दर अनुक्रमे ३० व २० टक्के आहेत. कोल्हापुरात कनिष्ठ फेलोचे ३७,००० अधिक ७,४०० मिळून ४४,४०० होतात. दोन वर्षांचे १०,६५,६०० रुपये. तिसऱ्या वर्षी तोच विद्यार्थी वरिष्ठ फेलो झाल्यावर ४२,००० अधिक ८,४००, म्हणजे ५०,४०० रुपये दरमहा आणि वर्षाचे ६,०४,८००. एका फेलोचा तीन वर्षांचा खर्च १६,७०,४०० रुपये होतो. अनेक जण घरभाडे धरायला विसरतात. मग तिसऱ्या वर्षी रसायनांच्या शीर्षातून (खर्चाच्या सदरातून) पगार देण्याची परवानगी मागत बसावे लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही.

रसायने आणि संच यांसाठी दरपत्रके आधी मागवावीत. दरपत्रकावर जीएसटी स्वतंत्रपणे दाखवायला सांगावे. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून काढून घेतली गेली, त्यामुळे जुन्या प्रस्तावातील किमती उचलल्या तर उपकरणाचा आकडा करापूर्वीच्या किमतीच्या १३ टक्क्यांपर्यंत कमी पडण्याची शक्यता असते. अनुदान स्वतः मात्र करातून सुटले आहे: सप्टेंबर २०२४ मधील जीएसटी परिषदेच्या निर्णयानुसार विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानावर कर लागत नाही. संस्थेची डीएसआयआरकडे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे, नोंदणी असेल तर आयात मालाच्या सीमाशुल्कात सवलत मिळते. त्या नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे कुलसचिव कार्यालयात स्वतः जाऊन पाहावे.

साठवणुकीचा खर्च बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तीसपट खोलीने, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा, वाचलेल्या एका मानवी जीनोमच्या फायली शंभर जीबीच्या पुढे सहज जातात, आणि विश्लेषणातील मधल्या फायली धरल्या तर कितीतरी जास्त. जीनोमइंडियाच्या १०,००० जीनोमच्या डेटाचा आकार सुमारे ८ पेटाबाइट सांगितला गेला, म्हणजे दर व्यक्तीमागे साधारण ८०० जीबी. आपले २० नमुने असले तरी टेबलावरच्या बाह्य हार्ड डिस्कवर हे काम होत नाही; सर्व्हर, त्याची दुसरी प्रत आणि यूपीएस यांची तरतूद हवी. उणे ८० अंशांच्या फ्रीझरचेही तसेच. भारनियमनाच्या किंवा पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित होण्याच्या काळात जनरेटर कोण चालू करणार, रविवारी कोणाला फोन जाणार, हे लिहिलेला अर्धा परिच्छेद प्रस्तावाचे वजन वाढवतो. एका उन्हाळी सुट्टीत आमचा फ्रीझर दोन दिवस बंद राहिला होता आणि ते कोणालाच कळले नव्हते. तेव्हापासून मी तापमानाचा इशारा मोबाईलवर पाठवणाऱ्या यंत्रणेसाठी आग्रहाने रक्कम धरतो.

प्रत्येक शीर्षाखाली दोन-तीन वाक्यांचे समर्थन द्यावे. ‘रसायने व इतर, ८ लाख’ असे लिहिले की कात्री तेथेच लागते. ‘ट्रिप्सिन, ६० नमुने, प्रत्येकी इतके मायक्रोग्रॅम, त्यात १० टक्के वाया जाईल असे गृहीत धरून इतक्या कुप्या’ असे लिहिले की कात्री लावणाऱ्याला आधी हिशेब खोडून काढावा लागतो.

परवानग्या

मानवी नमुने असतील तर नीतिमत्ता समितीची मान्यता अनिवार्य आहे, आणि ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. मूलभूत विज्ञानाच्या महाविद्यालयांत अशी समिती बहुधा नसते. त्यामुळे जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी सामंजस्य करार हे पहिले काम ठरते. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे संमतिपत्र लिहिण्यापूर्वी वाचून काढावीत. संमतिपत्र मराठीत लिहावे आणि खरोखरच्या मराठीत लिहावे. ‘आपल्या जैविक नमुन्याच्या अनुषंगाने प्राप्त होणाऱ्या जनुकीय माहितीचे’ असे वाक्य मिशरी लावणाऱ्या आजीसमोर वाचून दाखवून काही साधत नाही. ‘तुमची थोडी लाळ आम्ही घेऊ, ती इतकी वर्षे थंड पेटीत ठेवू, तुमचे नाव त्यावर नसेल, आणि नको वाटले तर कधीही सांगा, तुमच्या औषधोपचारात काही फरक पडणार नाही’ असे सांगता आले पाहिजे. सही न करता येणाऱ्या व्यक्तीच्या अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. तो साक्षीदार प्रकल्पातला नसावा. उरलेला नमुना पुढील अभ्यासासाठी वापरण्याची आणि डेटा सामायिक करण्याची संमती वेगळ्या चौकटीत घ्यावी, म्हणजे एकीला होकार आणि दुसरीला नकार देता येतो.

परदेशी भागीदार असेल किंवा परदेशी निधी येणार असेल, तर आरोग्यविषयक संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती मिळायला वेळ लागतो. जनुकीय फेरफार केलेले जीव हाताळायचे असल्यास संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मान्यता हवी. वनस्पती किंवा सूक्ष्मजीव परदेशी भागीदारासोबत अभ्यासायचे असतील, तर २००२ चा जैविक विविधता कायदा आणि त्यातील २०२३ च्या सुधारणा पाहाव्यात. राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूरला आहे.

डेटा कोठे ठेवणार, हा रकाना आता औपचारिक राहिलेला नाही. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेला जैविक डेटा सामायिक करण्याबाबत डीबीटीने २०२१ मध्ये बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि त्यासाठीच फरिदाबादचे माहिती केंद्र उभारले. कोणत्या प्रकारचा डेटा, किती महिन्यांनी, कोणत्या अटींवर तेथे जमा करणार, हे स्पष्ट लिहावे.

अर्ज भरताना

डीबीटीचे ईप्रॉमिस, एएनआरएफचे ऑनलाइन पोर्टल आणि आयसीएमआरचे ईपीएमएस यांपैकी जेथे अर्ज करायचा तेथे संस्थेची नोंदणी आधीपासून आहे का, ते पाहावे. संस्थाप्रमुखांचे पृष्ठांकनपत्र (प्रस्तावाला संस्थेची संमती असल्याचे पत्र) ठरलेल्या नमुन्यात आणि संस्थेच्या लेटरहेडवरच लागते. प्राचार्य दौऱ्यावर असतात, शिक्का कपाटात असतो आणि किल्ली तिसऱ्याच्या खिशात असते, हे गृहीत धरून ते पत्र दोन आठवडे आधी घ्यावे. शेवटच्या दिवशी पोर्टल संथ होते हे सर्वांनाच ठाऊक आहे, तरी दर वर्षी कोणी ना कोणी रात्री अकराला फाइल चढवत बसलेले असते.

सारांशाची अडीचशे-तीनशे शब्दांची चौकट शेवटी भरावी, पण वेळ सर्वांत जास्त तिलाच द्यावा. समितीतील दहा जणांपैकी दोघेच संपूर्ण प्रस्ताव वाचून येतात, बाकीच्यांसमोर सारांश असतो. त्यात प्रश्न, गट, नमुन्यांची संख्या, तंत्र आणि हाती काय लागेल, एवढे यावे. जीनोमिक्सने वैद्यकशास्त्रात क्रांती घडवली असे वाक्य नसले तरी चालते. सादरीकरणाला बोलावले गेले तर प्राथमिक निष्कर्षांचा एक आलेख जवळ ठेवावा. विभागाच्या तुटपुंज्या निधीतून सहा-आठ नमुने आधी तपासून घेतलेले असतील, तर तो आलेख पुढच्या दहा स्लाइडपेक्षा भारी पडतो.

मंजुरीपत्र आल्यानंतर

मंजुरीपत्र आनंदाच्या भरात फक्त रकमेपुरते वाचले जाते. त्यातील अटी पेन्सिलने खुणा करत वाचाव्यात. कोणत्या शीर्षातून कोणत्या शीर्षात रक्कम वळवता येते, उपकरणाची मालकी कोणाची, प्रवासखर्च कोणत्या दराने, आणि प्रगती अहवाल केव्हा, हे सर्व तेथेच असते.

पैसे पूर्वीसारखे विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात येऊन पडून राहत नाहीत. अनेक योजनांत पीएफएमएसशी, म्हणजे सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या केंद्राच्या संगणकीय यंत्रणेशी, जोडलेले शून्य शिलकीचे स्वतंत्र खाते काढावे लागते, त्यात खर्चाची मर्यादा मिळते आणि देयक मंजूर झाले की रक्कम थेट पुरवठादाराला जाते. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. एका प्रकल्पात आमची रसायने २९ मार्चला आली, देयक लेखा विभागात दोन दिवस टेबलावर राहिले आणि २ एप्रिलला सही झाली. मर्यादा तोवर गेलेली होती. ती पुन्हा मिळेपर्यंत पावसाळा सुरू झाला. तेव्हापासून जानेवारीनंतर मोठी मागणी नोंदवायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आयात रसायनांची मागणी तर ऑक्टोबरातच जावी.

खरेदीचे नियम जून २०२५ मध्ये बरेच सैल झाले. केंद्राच्या वैज्ञानिक खात्यांच्या संस्थांसाठी दरपत्रकाशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली आणि खरेदी समितीमार्फतची मर्यादा २५ लाखांपर्यंत वाढली. राज्य विद्यापीठांतील लेखा विभाग मात्र आपल्या लेखासंहितेवर बोट ठेवतो. त्यामुळे कोणता नियम लागू होईल, हे पहिल्या खरेदीपूर्वी लेखी टिपणीवर घेऊन ठेवावे, तोंडी होकारावर विसंबू नये.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील जीएफआर १२-अ या नमुन्यात, खर्चाच्या विवरणपत्रासह द्यावे लागते. नियमानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असली, तरी पुढचा हप्ता त्याच्यावर अडलेला असल्याने एप्रिल-मेमध्येच ते तयार करणे शहाणपणाचे ठरते. मंजुरीपत्रातील शीर्षे आणि लेखा विभागाच्या खतावणीतील शीर्षे सारखी असतील तर हे काम एका दुपारचे, नसतील तर महिन्याचे. म्हणून मी मंजुरीपत्रातील शीर्षांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात लेखापालांना नेऊन देतो आणि दर तीन महिन्यांनी चहाच्या निमित्ताने आकडे जुळवून घेतो. अनुदानावर व्याज मिळाले असेल तर ते आपले नसते. भारतकोश पोर्टलवरून केंद्राकडे भरून त्याची पावती प्रमाणपत्राला जोडावी लागते.

मुदत संपताना खरेदी केलेल्या उपकरणांची यादी डेडस्टॉक रजिस्टरच्या पान क्रमांकासह द्यावी लागते, आणि त्याच सुमारास फ्रीझरही उघडावा. कोणत्या खोक्यात कोणाचे नमुने आहेत, त्यांतील कोणाकोणाची पुढील वापराला संमती आहे आणि कोणाची नाही, याची यादी करून ती नीतिमत्ता समितीला द्यावी. ज्यांनी नकार दिला होता त्यांच्या कुप्या नष्ट केल्याची नोंद तारखेसह आणि दोन सह्यांनिशी वहीत करावी.